काटे मुके झाले तर...



पीक तोंडाने बोलत नाही, पानाने बोलते. खालची, जुनी पाने पिवळी पडू लागली की नत्र कमी पडले असे समजावे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या की लोहाकडे पाहावे. विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडताना मी हेच सांगत आलो. इंजिनाचेही तसेच आहे. ते आपले दुखणे काट्यांनी आणि दिव्यांनी सांगते. चालकापुढची तबकड्यांची पाटी, जिला आपण नुसते ‘मीटर’ म्हणतो, ती म्हणजे यंत्राचे पान. ते पानच गळाले तर काय करायचे?

आज मी एका जुन्या, भारी मोटारीच्या मीटरची हकीकत सांगणार आहे. ‘आम्हाला भारी मोटारीचे काय?’ असे म्हणून पान उलटू नका. तुमच्या दारातल्या ट्रॅक्टरशी तिचा संबंध आहे.

माझे दाजी तासगाव भागात द्राक्षबाग करतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी नव्वदच्या दशकातली एक जर्मन मोटार जुन्या बाजारातून घेतली, नव्या लहान मोटारीच्या निम्म्या किमतीत. गावात हसू झाले. ‘बागायतदाराला आता जहागीरदार व्हायचंय’ असेही कुणी म्हणाले. खरे कारण निराळे होते. आमच्या अक्काच्या मणक्याचे ऑपरेशन झालेले आहे. जीपमधून मिरजेला जाऊन आली की दोन दिवस तिला अंथरुणातून उठवत नसे. या मोटारीची बैठक अशी की खड्डा अंगाला लागत नाही. दर महिन्याची डॉक्टरांची फेरी त्या गाडीमुळे सुखाची झाली होती.

पुढे मीटरने एकेक अंग टाकायला सुरुवात केली. आधी घड्याळ थांबले. मग किलोमीटरचे आकडे एका जागी अडकले, वेगाचा काटा मात्र नीट हलत होता. रात्री मीटरचे दिवे मंद होऊ लागले. हेडलाईट लावले की तेलाच्या टाकीचा काटा आपोआप वर चढे, जणू टाकीत कुणी तेल ओतले! आणि एका रात्री मिरजेहून परतताना टाकीचा, पाण्याच्या तापमानाचा आणि ऑईलच्या दाबाचा असे तिन्ही काटे एकदम खाली पडले. मागच्या बैठकीवर अक्का आडवी झालेली, रस्ता काळोखा. इंजिन तापले आहे की नाही, टाकीत तेल किती, काही कळायला मार्ग नाही. दाजींनी वाटेत दोनदा थांबून पाहिले आणि हळूहळू गाडी घरी आणली.

शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात गाडी दाखवली. ‘पूर्ण पाटीच बदलावी लागेल, बाहेरून मागवू, पंचाहत्तर हजार होतील,’ असे उत्तर मिळाले. भाचा म्हणाला, “बाबा, भंगारात घाला आता.” अक्का एवढेच म्हणाली, “मग माझं मिरजेला जाणं राहू द्या. औषधं कुणी तरी आणून देईल.” हे ऐकल्यावर दाजींना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांचा मला फोन आला, “पाव्हणं, तुमच्या ओळखीचा कुणी आहे का?”

मिरजेत जुनी मीटरे दुरुस्त करणारे एक वयस्कर कारागीर माझ्या माहितीचे आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. सतारी घडवणाऱ्यांच्या या गावात हलक्या हाताला मोल आहे, आणि चाचांचा हात तसा आहे. त्यांनी हत्याराला हात लावण्याआधी नुसते प्रश्न विचारले. आधी काय बंद पडले? एकदम पडले की एकेक करून? हेडलाईट लावल्यावर काय होते? वैद्याने नाडी पाहावी तसे हे चालले होते. मग म्हणाले, “मालक, वेगाचा काटा चालतो आणि बाकीचे पडतात, म्हणजे पाटी मेली नाही. कुठं तरी एकच गाठ सुटली आहे.”

यातली खुबी समजून घ्या. या मोटारीत वेगाचा काटा विजेवर चालत नाही. गिअरपेटीकडून एक फिरती केबल येते, तिच्या टोकाला लोहचुंबक असतो आणि त्याच्या भोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. चुंबक फिरला की वाटीत वीजप्रवाहाचे भोवरे उठतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा जिथे मेळ बसतो तिथे काटा थांबतो. ओट्टो शुल्त्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ साली याचे पेटंट घेतले आणि पुढे कित्येक दशके जगभरच्या गाड्या याच युक्तीवर चालल्या. टाकीचा, तापमानाचा आणि दाबाचा काटा मात्र विजेवर चालतात. तिन्ही एकदम पडले, म्हणून दोष तिघांच्या सामाईक वाटेवर शोधायचा. विहिरीवरून तीन वाफ्यांना पाणी जाते आणि तिन्ही एकदम कोरडे पडले, तर आपण वाफे खणत बसत नाही, मुख्य पाटाकडे जातो. तसेच हे.

चाचांनी प्रथम फ्यूज पाहिला. जुन्या युरोपीय गाड्यांत बहुधा दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेले फ्यूज असतात. तार शाबूत दिसते, पण टोपीवर गंजाचा पापुद्रा धरतो आणि वीज अडते. फ्यूज काढून टोके घासली, तरी काटे उठले नाहीत. मग बॅटरीची ऋण तार सोडली आणि पाटी बाहेर घेतली. ही पाटी नुसती दाबून बसवलेली असते. दोन्ही बाजूंनी वाकड्या तारेचे आकडे घालून ती सरळ ओढायची असते. पेचकसाने उचकटले तर पुढचा भाग जन्मभराचा खरवडतो.

पाटीच्या मागच्या छापील सर्किटवर चाचांनी भिंग धरले आणि मला दाखवले. कथलाच्या डागाभोवती केसाएवढी गोल चीर होती. तीस वर्षे गाडी तापली, निवली, हादरली. कथील शेवटी फाटले. तो डाग नेमका अर्थिंगचा होता. वीज काट्यात शिरत होती, पण परत जायला वाट नव्हती. शेताचा निचरा तुंबला की पाणी नको तिथे चढते. हेडलाईट लावल्यावर टाकीचा काटा वर चढायचा, तो त्याच कारणाने. दिव्यांची वीज वाट शोधत काट्यांच्या गल्लीत शिरत होती. जुने कथील ओढून काढले, राळेचे फ्लक्स लावले आणि लहान कावियाने नवा डाग दिला. शेजारचे आणखी चार डागही ताजे केले.

घड्याळात दोन छोटे कपॅसिटर होते. त्यांच्या पोटातला द्राव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतो किंवा पाझरतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त असलेले नवे बसवले. बसवताना धन आणि ऋण टोक तपासून घेतले; उलटे बसवलेला कपॅसिटर फुटतो. आकड्यांच्या चाकाला फिरवणारे लहान दातेरी चाक आपल्या दांडीवर सैल होऊन नुसते घसरत होते. दांडी किंचित खरवडून ते चिकटद्रव्याने पक्के केले. दिवे मंद करणाऱ्या बटणातली तार काळवंडली होती, ती घासली. एकही काटा मात्र त्यांनी उपटला नाही. “काटा एकदा काढला की त्याची खरी जागा हरवते,” ते म्हणाले. पाटी गाडीत घालण्याआधी टेबलावर बारा व्होल्ट देऊन तपासली.

सगळे मिळून साडेचार हजार रुपये झाले. पावतीवर चाचांनी स्वतःहून लिहिले, ‘किलोमीटरचे आकडे बदललेले नाहीत.’ आकडे बंद होते त्या दिवसांचा अंदाजही दाजींनी वहीत नोंदवून ठेवला. उद्या गाडी विकायची झाली तर घेणाऱ्याला खरे सांगता आले पाहिजे.

गाडी सुरू केली. काटे उठले. ऑईलचा काटा आधी वर गेला आणि इंजिन तापल्यावर, मंद चालीला, खाली आला. दाजी घाबरले. चाचा म्हणाले, “गरम इंजिन मंद चालीला असताना दाब उतरतो. पाय दिला की काटा लगेच वर गेला पाहिजे. तो गेला नाही, तर मात्र इंजिन बंद करा.”

आता ट्रॅक्टरकडे येतो. मोटार भंगारात घाला म्हणणाऱ्या आमच्या भाच्याच्या ट्रॅक्टरचा तापमानाचा काटा दोन वर्षे निळ्यातच पडून होता. ट्रॅक्टर कर्जाचा, हप्ते अजून चालू. मी विचारले तर म्हणाला, “मामा, चालतंय की. हाताला कळतं.” चाचांकडे ऐकलेली परीक्षा मी त्याच्याच हाताने करवून घेतली. विजेवरच्या अशा जुन्या काट्याला इंजिनावरच्या सेन्सरकडून एक तार येते. तार सुटली की काटा थंड दाखवतो. किल्ली लावून त्या तारेचे टोक क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवायचे. काटा वर चढू लागला तर मीटर आणि तार ठीक, सेन्सर गेला. हलला नाही तर मीटर, तार किंवा वीज यांत दोष. आमच्याकडे तर तारेचे टोकच जागेवर नव्हते. उंदराने कुरतडून तार तोडली होती. नवी तार आणि पितळी टोक, खर्च चाळीस रुपये.

दुसऱ्या दिवशी रोटाव्हेटर चालवताना तासाभरात काटा लाल पट्ट्याकडे सरकला. भाच्याला वाटले, मीटरच बिघडले. पण त्याने ट्रॅक्टर बांधावर घेतला. रेडिएटरची जाळी मळणीच्या भुसकटाने इतकी भरली होती की वारा आत जाणे शक्य नव्हते. इंजिन निवल्यावर जाळी झाडली, पाणी पुरते केले, आणि काटा पुन्हा मध्यावर राहिला. तसाच संध्याकाळपर्यंत चालवला असता तर हेड वाकून गॅस्केट उडाले असते, कदाचित इंजिनही जाम झाले असते. मग हप्ते भरायचे कशातून? भाचा काही बोलला नाही. मात्र त्या दिवसापासून ट्रॅक्टरवर चढला की आधी मीटरकडे बघतो.

वाचकहो, यातून घरी करण्याजोग्या चार गोष्टी सांगतो.

पहिली. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, ऑईलचा आणि बॅटरीचा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जो दिवा कधीच लागत नाही तो ‘सगळे ठीक’ सांगत नाही, तो मेलेला आहे. अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीच्या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीची वीज मिळते. तो बल्ब गेला तर चार्जिंगही बंद पडू शकते.

दुसरी. टाकीचा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकाच वेळी चुकीचे दाखवू लागले, तर दोन्ही मीटरे विकत आणू नका. जुन्या गाड्यांत त्या दोघांना ठरावीक व्होल्ट पुरवणारी एक लहान डबी असते, तिच्यात किंवा अर्थिंगमध्ये दोष असण्याचा संभव अधिक.

तिसरी. वेगाचा किंवा फेऱ्यांचा काटा थरथरत असेल तर केबल कोरडी किंवा मुडपलेली असते. वंगण बेताने लावा. जास्त लावले तर ते केबलमधून चढून मीटरमध्ये शिरते.

चौथी. नव्या गाड्यांत आणि नव्या ट्रॅक्टरांत मीटर म्हणजे लहानसा संगणकच असतो. तिथे तार टेकवण्याची परीक्षा करू नका. जाणकाराकडेच जा, पण फ्यूज, अर्थिंग आणि जोड आधी तपासायला त्याला सांगा. बदलणे हा शेवटचा उपाय.

तासांचे मीटर बंद असेल तर घरातल्या मुलीला किंवा सूनबाईला कॅलेंडरवर रोजचे तास लिहायला सांगा. ऑईल बदलण्याची वेळ चुकणार नाही, आणि डिझेल कुठे गेले याचाही हिशेब लागेल. या सुगीआधी एक सकाळ काढा, ट्रॅक्टरवर बसा, किल्ली फिरवा आणि प्रत्येक काटा नि प्रत्येक दिवा बोलतो का ते पाहा. जो मुका आहे त्याची दुरुस्ती त्याच आठवड्यात करून घ्या. कामाचा दिवस मोडतो म्हणून पुढे ढकलू नका. तो दिवस नंतर दसपट किमतीने मोडतो.