‘कलर’मधला यू

संभाजीनगरच्या शाळेत पाचवीतल्या मुलाने ‘कलर’चे स्पेलिंग यू गाळून लिहिले, की त्यावर लाल रेघ ओढली जाते. सी-ओ-एल-ओ-यू-आर असे घोकत घोकत तो यू बोटांत बसतो. दहावीच्या उत्तरपत्रिकेत तो असतो, इंजिनिअरिंगच्या जर्नलमध्येही असतो. पुढे अमेरिकेत एमएस करायचे ठरते, जीआरई या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास सुरू होतो आणि इतकी वर्षे बरोबर असलेले हे अक्षर एकाएकी गुन्हेगार ठरते. आता लाल रेघ संगणकाच्या पडद्यावर उमटते, तीही यू लिहिला म्हणून. ‘परीक्षा अमेरिकेची, तेव्हा स्पेलिंगही अमेरिकन’ असा सल्ला सगळीकडून मिळतो. मला हा सल्ला पटत नाही. जे स्पेलिंग हातात मुरले आहे, त्यातच परीक्षेतला निबंध लिहावा.

यू असणे वा नसणे हा चूक-बरोबरचा प्रश्नच नाही. कोशकार जॉन्सनच्या १७५५च्या कोशाने इंग्लंडमध्ये यू रूढ ठेवला. नव्या राष्ट्राचे लेखन वेगळे आणि सोपे असावे या आग्रहाने अमेरिकेत नोआ वेबस्टरने १८२८च्या आपल्या कोशात तो गाळला. दोन देशांनी दोन वळणे घेतली. आपल्याकडे इंग्रजांचे वळण आले आणि ते आपलेच झाले. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात शिकले. तरी १९३६ मध्ये त्यांनी काढलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या इंग्रजी नावात ‘लेबर’ यूसहच आहे. संभाजीनगरात १९५० मध्ये त्यांनी सुरू केलेल्या महाविद्यालयातल्या पिढ्याही याच वळणाचे इंग्रजी शिकल्या.

परीक्षा काय तपासते, तेही पाहावे. सप्टेंबर २०२३ पासून जीआरईत एकच निबंध असतो. वेळ ३० मिनिटे, गुण शून्य ते सहा. एखाद्या विधानावर भूमिका घ्यायची, कारणे आणि दाखले द्यायचे, मांडणी सुसंगत ठेवायची. सहापैकी सहा मिळवणाऱ्या निबंधातही किरकोळ चुका असू शकतात, असे निकषांतच म्हटले आहे. परीक्षेच्या संगणकावर स्पेलिंग तपासण्याची सोय नसते, म्हणजे ज्या लाल रेघेचा धसका घेतला ती तिथे उमटतच नाही.

यावर कोणी म्हणेल, निबंध यंत्रही तपासते, त्याला यू खटकला तर? पण तो निबंध माणूसही तपासतो. दोघांच्या गुणांत ठरावीक मर्यादेपलीकडे फरक पडला तर दुसरा परीक्षक येतो आणि दोन माणसांच्या गुणांची सरासरी धरली जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जिथे शिकायला जायचे तिथली रीत आधीच का शिकू नये? जरूर शिकावी, पण तिथे गेल्यावर, प्रबंध लिहिताना, सवडीने. अर्ध्या तासाच्या निबंधात अक्षरे गाळत बसलो तर युक्तिवादावरचे लक्ष उडते. शिवाय ही रीत सरळही नाही. अमेरिकन माणूस ‘ग्लॅमर’ बहुधा यूसह लिहितो आणि ऑक्सफर्डचा कोश ‘ऑर्गनाइझ’ला झेड देतो. घाईत शिकलेल्या नियमाने एका ओळीत ‘कलर’ यूविना आणि पुढच्या ओळीत ‘नेबर’ यूसह, अशी सरमिसळ तेवढी होते. टाळायची ती हीच. कोणतेही एक वळण धरावे आणि शेवटपर्यंत सोडू नये.

मराठी वाचकाला हे नवे नाही. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी ते नेमाने देणारे लेखक अशुद्ध लिहीत नव्हते. ते त्यांच्या काळाचा नियम पाळत होते. म्हणून क्लासमध्ये शिकवणाऱ्यांना विनंती आहे, की शेवटच्या महिन्यात मुलांच्या बोटांतला यू काढण्यात वेळ घालवू नका. तो वेळ त्यांच्या दुसऱ्या परिच्छेदातले कारण पक्के करण्यासाठी द्या. गुण त्याच कारणाला मिळतात.