आधी ऑक्टोबरची संध्याकाळ मांड

चि. मुक्ता,

वीज नियोजनाच्या विभागात तू रुजू झालीस हे दादाकडून कळलं आणि फार आनंद झाला. माझी सारी नोकरी कळव्याच्या भार प्रेषण केंद्रात झाली. तिथे आमच्यापुढे योजना येत नसे, तिचं फळ येई: कधी पुरेशी वीज, कधी कुठले फीडर बंद करायचे याची यादी. तू आता त्या यादीच्या दहा वर्षं आधीच्या टेबलाशी बसणार आहेस. म्हणून हे सविस्तर लिहिते.

पहिल्याच आठवड्यात तुझ्यापुढे वर्षाची बेरीज येईल. एवढे युनिट लागणार, एवढे हजार मेगावॉट सौर, एवढे पवन, एवढा कोळसा; हिशेब जुळला. त्या बेरजेवर विसंबू नकोस. गिऱ्हाईक वर्षाचे युनिट एकदम उचलत नाही, त्याला संध्याकाळी सात वाजता दिवा आणि पंखा लागतो. जून ते ऑगस्ट चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांनी कितीही वीज दिली, तरी ती ऑक्टोबरमधल्या संध्याकाळी सात वाजता कामाला येत नाही.

आपल्या राज्याला सगळ्यात कठीण महिना कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण मे म्हणतील. मेमध्ये दुपारची मागणी प्रचंड असते खरी, पण त्याच वेळी ऊनही भरपूर असतं. पावसाळ्यात ढग असले तरी वारा असतो आणि शेतीपंप बहुतेक बंद असतात. मला धास्ती असायची ती ऑक्टोबरची. पाऊस सरतो, वारा पडतो, उकाडा चढतो, उसाला आणि रब्बीला पाणी द्यायला पंप सुरू होतात आणि सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यात पावसाळ्यात खाणींमधून कोळसा कमी निघाला असेल, तर औष्णिक केंद्रांचे साठेही तळाला गेलेले असतात. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये देशानं हे पाहिलं आहे. तेव्हा वर्षाचे ८,७६० तास एकेक करून मांड, आणि तेही एका सरासरी वर्षाचे नकोत, मागच्या अनेक खऱ्या वर्षांचे घे. सरासरीत सलग तीन ढगाळ दिवस दिसतच नाहीत.

आता साठवणुकीकडे येते, कारण हल्ली सगळ्या अडचणींवर तोच एक उपाय सांगितला जातो. साठवणुकीचे दोन आकडे असतात: किती मेगावॉट आणि किती तास. लोक पहिला सांगतात, दुसरा गाळतात. सध्या निघणाऱ्या बॅटरीच्या निविदा बहुतेक दोन किंवा चार तासांच्या असतात. संध्याकाळचा चढ पेलायला त्या उत्तम आहेत, सेकंदाच्या आत प्रतिसाद देतात. पण मागणी सहापासून रात्री अकरापर्यंत रेंगाळली, तर दोन तासांची बॅटरी आठ वाजता रिकामी होते. आणि दिवसभर ढग होते तर ती सहा वाजता भरलेली असेल कशावरून? तुझ्या गणितात बॅटरी रोज संध्याकाळी आपोआप शंभर टक्के भरलेली दिसली, तर ते गणित परत पाठव.

कोयना हाही साठाच आहे, पण वर्षातून एकदाच भरणारा. सुमारे १,९६० मेगावॉटची ही केंद्रं काही मिनिटांत पूर्ण भार घेतात. राज्याला तिच्यासारखा दुसरा आधार नाही. मात्र कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निवाड्यानुसार पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच वळवता येतं आणि जलवर्ष १ जूनला सुरू होतं. म्हणजे ऑक्टोबरच्या संध्याकाळी सोडलेलं पाणी एप्रिलच्या वाट्यातून जातं. कमी पावसाच्या वर्षी तो वाटा आणखी आखडतो. कोयनेला 'हवी तेव्हा हवी तेवढी' असं कधी धरू नकोस.

घाटघर वेगळं. अकोले तालुक्यात वरचा बांध, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरा, मधे सह्याद्रीचा कडा आणि १२५ मेगावॉटचे दोन संच. खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणीच्या वेळी परत खाली सोडायचं. शंभर युनिट खर्चून चढवलं, तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. २००८ च्या सुमारास हे उदंचन केंद्र चालू झालं तेव्हा मध्यरात्री औष्णिक केंद्रांची वीज शिल्लक असे, म्हणून पाणी रात्री चढवायचं असा हिशेब होता. आता शिल्लक भर दुपारी असते, सौर विजेची. सारं घड्याळच उलटं झालं आहे. २०२३ मध्ये भिवपुरी आणि शिरवट्याला मिळून २,८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकारनं सामंजस्य करार केला. सह्याद्रीनं आपल्याला दिलेली ही उंची मोठं भाग्य आहे. पण बांध, बोगदे आणि परवानग्या यांत वर्षं जातात. आज मांडलेला प्रकल्प पुढच्या ऑक्टोबरला मोजू नकोस.

विजेचा दोर सारखा ताणून धरावा लागतो, पुरवठा आणि मागणी दोन्ही टोकांना. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं देशानं दिवे मालवले आणि मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटनं खाली आली. जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती १७,००० मेगावॉटहून अधिक घटवली आणि लगेच परत चढवली, म्हणून फ्रिक्वेन्सी हाताबाहेर गेली नाही. ती तयारी आधी ठरवलेली होती. अचानक ढग आले किंवा एखादी वाहिनी ट्रिप झाली, तर आधी कुणी सांगत नाही. म्हणून निर्मिती किती आहे याइतकंच, ती किती लवकर वरखाली होते हेही तुझ्या तक्त्यात हवं.

साठवण्याहून स्वस्त उपाय म्हणजे मागणीच उन्हात नेणं. राज्यात ४५ लाखांच्या आसपास शेतीपंप आहेत. २०१७ पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेचं खरं महत्त्व मला इथे वाटतं: पंप दिवसा चालले की तेवढी वीज साठवायलाच नको. शिवाय रात्री दोनला बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत पाणी धरायला जाणारा माणूस घरी झोपेल. हा हिशेब कुठल्याही मॉडेलमध्ये येत नाही, तू धर.

राष्ट्रीय विद्युत योजनेत विजेची तूट पडण्याची शक्यता ०.२ टक्क्यांच्या आत राहावी असा निकष आहे. म्हणजे वर्षाला साधारण साडेसतरा तास. ऐकायला थोडे वाटतात. पण ते कुणाच्या वाट्याला जाणार? भारनियमनाच्या वर्षांत शहरात एक-दोन तास जात तेव्हा तुझ्या आजीच्या गावात अर्धा दिवस लाइट नसे. पिठाची गिरणी, दवाखान्यातला फ्रीज, दहावीची मुलं, सगळं त्यावर अडून असे. निकष राज्याचा असतो, अंधार मात्र फीडरचा असतो.

म्हणून एवढं कर. तुझ्या पहिल्या अहवालात वर्षाच्या बेरजेआधी सगळ्यात कठीण दहा संध्याकाळी छाप, आणि प्रत्येकीपुढे लिही की वीज कमी पडली तर कोणत्या तालुक्यांचे फीडर बंद होतील. वरिष्ठ ते पान काढायला सांगतील. काढू नकोस.

तुझी,
आत्या