मुक्या जनावराचं दुखणं



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामात एका घरावरून बरीच कुजबुज झाली. एका मावशींनी कुत्रीच्या ऑपरेशनसाठी हातातली बांगडी मोडली. मिस्सा सुटल्यावर आवारात हाच विषय. घरभेटी करणाऱ्या आम्हा पाच-सहा जणांना तर लोकांनी सरळच विचारलं, "हे ख्रिस्ती माणसाला शोभतं का?"

विचारणाऱ्यांत एक वहिनी होत्या. त्यांचे यजमान आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. "आमच्या माणसाला रिक्षाचं भाडं जमवताना नाकीनऊ येतात, आणि तिकडे कुत्रीची सोनोग्राफी!" त्यांच्यापुढे आम्ही वाद घातला नाही. घालायचाही नव्हता.

आधी काय झालं ते सांगतो. कुत्री आठ वर्षांची, नसबंदी न केलेली. माज येऊन गेल्यावर महिनाभरानं तिनं खाणं सोडलं, पाणी मात्र भांडंच्या भांडं पिऊ लागली. शेजारी म्हणाले, उकाडा आहे, होईल बरी. डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली आणि दहा मिनिटांत सांगितलं की गर्भाशयात पू भरला आहे. या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, आत मात्र विष चढत जातं, गर्भाशय फुटूही शकतं. रक्त तपासून, सलाइन लावून गर्भाशय काढून टाकणं हाच खात्रीचा उपाय. तो झाला आणि कुत्री वाचली. (वेळेवर नसबंदी केली असती तर हे सगळं टळतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं. ते सर्वांनी ऐकून ठेवावं.)

जनावर दुखणं लपवतं. रानात दुबळेपणा दाखवला की जीव जातो, म्हणून तो स्वभावच पडला आहे. आणि नुसत्या डोळ्यांना पुष्कळदा काही कळत नाही. मूत्रपिंडांचंच घ्या. त्यांचं सुमारे ७५ टक्के काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन फारसं वाढत नाही. कुत्रं तोवर शेपूट हलवत दारात येतच असतं. गणनाच्या पुस्तकातली बलामची गाढवी आठवा. तिला देवदूत दिसत होता, मालकाला दिसत नव्हता. तीनदा मार खाल्ल्यावर देवानं तिचं तोंड उघडलं, तेव्हा कुठे त्याला कळलं. सोनोग्राफीचं यंत्र म्हणजे काही चमत्कार नव्हे, पण मुक्या जिवाचं म्हणणं ते मालकापर्यंत पोचवतं, एवढं आम्हांला पटतं.

आता ख्रिस्तसभा काय शिकवते? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २४१६ ते २४१८ काढून वाचा. प्राण्यांशी दयेनं वागणं हे आपलं देणं आहे. त्यांना विनाकारण यातना देणं माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि लगेच पुढे, जो पैसा आधी माणसांचं दुःख हलकं करायला जायला हवा तो प्राण्यांवर उधळणंही तितकंच अशोभनीय. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आहेत. अर्धा परिच्छेद वाचून मावशींना दोष देणं बरोबर नाही, आणि उरलेला अर्धा वाचून वहिनींना गप्प करणंही बरोबर नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. मावशी एकट्या राहतात, बांगडी त्यांची होती, उपायानं जीव वाचणार होता. लग्नाच्या बँडवर आणि हॉलवर आपण जे घालतो त्याचा हिशेब आवारात कुणी मांडत नाही. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अख्ख्या धर्मग्रामानं द्यायला हवं होतं. फादरांशी बोलून आता तरुणांनी पाळी लावली आहे. डायलिसिसच्या दोन्ही दिवशी कुणाची तरी गाडी दारात येते.

दुसरी गोष्ट जड आहे. एका अंकलचा तेरा वर्षांचा कुत्रा लंगडू लागला. एक्स-रेमध्ये पायाचं हाड कॅन्सरनं पोखरलेलं दिसलं, छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसांवर डाग. मोठ्या शहरात नेऊन पाय काढायचा, मग केमोथेरपी, असा एक मार्ग होता. त्यानं थोडे महिने मिळाले असते, पण तो बरा झाला नसता. दुसरा मार्ग इंजेक्शनचा. अंकलनी आम्हांला विचारलं, "हे पाप आहे का? माणसाला तर चालत नाही."

माणसाला चालत नाहीच. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, त्याच्या आयुष्याचा शेवट ठरवणं आपल्या हाती नाही. प्राणी आपल्या राखणीला दिलेले आहेत, आणि सुटका नसलेल्या यातनेतून त्यांना सोडवणं ख्रिस्तसभेनं पाप म्हटलेलं नाही. फादरांनीही हेच सांगितलं. तरी अंकलनी एक दिवस मागितला. नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाला सांगितलेल्या दाखल्यात गरिबाची एक मेंढी आहे, त्याच्या ताटातलं खाणारी, कुशीत निजणारी. तो दाखला अंकलना पाठ आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आधी गुंगीचं औषध दिलं, कुत्रा गाढ झोपला, मग शेवटचं दिलं. डोकं अंकलच्या मांडीवर होतं. आम्ही निर्माणकर्त्याचे आभार मानले, तेरा वर्षांचे.

धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं विचारतात, कुत्रा स्वर्गात जातो का? ख्रिस्तसभेनं तसा सिद्धांत सांगितलेला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, अनंतकाळात प्रत्येक निर्मिती तेजस्वी रूप घेऊन आपापल्या जागी असेल, अशी आशा मांडली आहे. आम्ही मुलांना तेवढंच सांगतो, त्यात भर घालत नाही.

थोडं कामाचं. मांजराला क्रोसिन किंवा कुठलीही पॅरासिटामॉल देऊ नका. ते औषध पचवण्याची सोय तिच्या यकृतात नाही, एका गोळीनंही मांजर मरतं. रेबीजची लस चुकवू नका. आणि ४ ऑक्टोबरला, असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणाला, फादर जनावरांना आशीर्वाद देणार आहेत. लसीचं कार्ड बरोबर आणा, आम्ही तारखा बघून देऊ. मांजरं झाकणाच्या टोपलीतून आणावीत. गेल्या खेपेस दोघी ऑर्गनवर चढल्या होत्या.