वेवजीच्या मुरमाच्या वाटेवर दोन सायकली

वेवजीला पाहण्यासारखे काय आहे, असे आपण विचाराल तर खरे उत्तर असे की, पर्यटनाच्या पुस्तकात नोंद व्हावी असे तेथे काही नाही. पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्याचे हे गाव. लागून असलेला सोळसुंबा गुजरात राज्यात, आणि पश्चिम रेल्वेचे उंबरगाव रोड स्थानकही गुजरातेतच. गावात भाताची खाचरे आहेत, ताडाची उंच झाडे आहेत, आंब्याच्या आणि चिकूच्या वाड्या आहेत, एकमेकांपासून अंतर राखून वसलेले पाडे आहेत. या पाड्यांना जोडणाऱ्या वाटा कोठे मुरमाच्या, कोठे खडीच्या, तर कोठे निव्वळ मातीच्या. आज मी आपल्याशी या वाटांविषयी बोलणार आहे. साठी-सत्तरीच्या जोडप्याने सायकलवर सावकाश फिरावे, यासाठी इतकी सोयीची जागा मला मुंबईपासून गाडीने तीन-चार तासांच्या अंतरात दुसरी आढळलेली नाही.

सायकलीसाठी डांबरी रस्ता बरा, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. तलासरीहून उंबरगावकडे जाणारा रस्ता डांबरी आहे खरा, पण उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे या भागात मालमोटारींची ये-जा असते, आणि अंगावरून जाणाऱ्या मालमोटारीचा वाराच वृद्ध माणसाचा तोल घालवायला पुरेसा असतो. मुरमाच्या वाटेवर प्रत्येक वाहनाला आपला वेग आवरावा लागतो. ट्रॅक्टर येतो तो पुष्कळ आधी ऐकू येतो. ज्यांना कानाने थोडे कमी ऐकू येते, त्यांनाही खडीवरून येणाऱ्या मोटारसायकलीची चाहूल लागते. बाजूला होऊन उभे राहायला वेळ मिळतो, आणि या वयात पुरेसा वेळ मिळणे हीच निम्मी सुरक्षितता असते.

आता आमच्याविषयी थोडे. माझ्या यजमानांचे वय अडुसष्ट. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात, असल्याचे निदान झाले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे थांबतात. मन पुढे गेलेले असते, पाऊल मागेच राहते. उंबऱ्यापाशी आम्ही जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. पट्टी ओलांडायची असे ठरवले की पाऊल उचलते, एरवी उचलत नाही. असे हे गृहस्थ सायकलवर बसले की पाय विनातक्रार फिरू लागतात. आमच्या शेजाऱ्यांना हे नवल वाटते. काहींना तर आजाराचाच संशय येतो, आणि तसे सूचक बोलूनही दाखवतात.

हे नवल वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. नेदरलँड्समधील मेंदूविकारतज्ज्ञ बास्तियान ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अठ्ठावन्न वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. दहा वर्षांच्या पार्किन्सनमुळे त्या गृहस्थांना दोन पावले नीट टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवले की ते सफाईने जात, वळत, परत येत. पायडलाच्या फिरण्यात एक ठरलेला ताल असतो आणि एक पाय खाली गेला की दुसरा आपोआप वर येतो, त्यामुळे थिजलेल्या हालचालीला बाहेरून आधार मिळत असावा, असे समजले जाते. अमेरिकेतील आयोवा राज्यात दर उन्हाळ्यात हजारो सायकलस्वार मक्याच्या शेतांमधून राज्य या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करतात. २००३ साली जे अल्बर्ट्स या संशोधकाने तेथे पार्किन्सन असलेल्या एका स्त्रीबरोबर जोडसायकल चालवली आणि प्रवासात तिचे आक्रसलेले हस्ताक्षर सुधारल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून पुढे २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ आठवडे जोडसायकलवर स्वतःच्या गतीपेक्षा जलद पाय फिरवलेल्या रुग्णांच्या हालचालींची गुणसंख्या सुमारे पस्तीस टक्क्यांनी सुधारली, तर स्वतःच्या गतीने सायकल चालवणाऱ्यांची सुधारली नाही. त्या अभ्यासात रुग्ण अवघे दहा होते, हे मात्र विसरू नये. मी आपल्याला उपचार सांगत नाही. प्रत्येक रुग्णाला सायकल झेपत नाही. उठल्यावर रक्तदाब उतरणारे, वारंवार पडणारे, ज्यांना दिशा-अंतराचा अंदाज येत नाही असे रुग्ण यांनी सायकलवर बसूच नये. आधी मेंदूविकारतज्ज्ञांशी बोला, मग काही आठवडे घरातील स्थिर सायकलीवर सराव करा, मग मोकळे मैदान, आणि सगळ्यात शेवटी वेवजी.

खरी परीक्षा चढण्या-उतरण्याची असते, चालवण्याची नव्हे. मधला दांडा असलेली मर्दानी सायकल आम्ही सोडून दिली. पाय सहज आत घालता येईल अशी, ज्याला आपण लेडीज सायकल म्हणतो ती, दोघांसाठी घेतली. हे सुचवले तेव्हा यजमान दोन दिवस बोलले नाहीत. आपल्या घरातही बहुधा असेच होईल, म्हणून सांगून ठेवते. सीट इतकी खाली घ्यावी की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. टायर रुंद असावेत आणि त्यांत हवा दगडासारखी कडक भरू नये. थोड्या मऊ टायरवर खडीचे धक्के कमी बसतात आणि मनगटे दुखत नाहीत. हात कापणाऱ्याने हॅन्डल कसे धरावे, ही शंका आपल्या मनात आली असेल. या आजारातला कंप बहुधा हात स्वस्थ असताना अधिक असतो, मूठ आवळली की तो कमी होतो. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, सुट्या खडीवर पुढचे चाक घसरते. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आधीपासून. आणि हेल्मेटला पर्याय नाही.

आमचा क्रम असा असतो. पहाटेचे औषध घेऊन त्याचा अंमल सुरू झाला की निघायचे. पुढे ते आणि मागे मी, मध्ये पाच-सहा सायकलींचे अंतर. मागे कोणी राहावे याविषयी दोन मते असू शकतात, पण माझे मत पक्के आहे: ज्याची गती कमी, तो पुढे. तो मागे राहिला तर सतत गाठण्याच्या धडपडीत थकतो, आणि थकला हे सांगतही नाही. येथे खडीचा आणखी एक उपकार होतो. माझ्या चाकाखाली ती कुरकुरत असते, त्यामुळे मी मागे आहे हे त्यांना मान न वळवता कळते. मान वळवली की सायकल वळते, हे आपण जाणताच. घरी मला दिवसातून पन्नास वेळा "सावकाश" म्हणावे लागते. येथे मी तो शब्द उच्चारीत नाही. गेली काही वर्षे आम्ही चालतो ते हातात हात घेऊन, किंवा खरे सांगायचे तर त्यांचा दंड माझ्या हातात घेऊन. दंड धरून चालताना माणसाची पाठ दिसत नाही. वेवजीच्या वाटेवर मला ती दिसते, किंचित वाकलेली, उजवीकडे कललेली, पण कोणी न धरलेली.

सावकाश म्हणजे रांगत मात्र नव्हे. सायकल फार हळू चालवली तर डगमगते. म्हणून चालवायची ती बेताच्या गतीने, आणि सावकाशपणा थांब्यांत ठेवायचा. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत श्वास वाढला की गती योग्य समजावी. उतरताना पाय टेकायला काही उंचवटा लागतो. शेताचा बांध, मोरीचा कठडा, आंब्याखालचा दगड असे थांबे आम्ही हेरून ठेवले आहेत. दर वीस मिनिटांनी एक थांबा, दोन घोट पाणी. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. अशा रीतीने अडीच तासांत आमचे आठ-दहा किलोमीटर होतात. पासष्टीपुढील माणसांनी आठवड्यात किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा घरी डोंगराएवढा वाटतो. तेथे दोन सकाळींत तो पुरा होतो आणि वर उरतो.

या वाटांवर दिसते काय? कार्तिकात भात कापून झालेले असते, खळ्यावर पेंढ्यांची रास असते, बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन एका रांगेत जात असतात. ताडाला मडकी बांधलेली दिसतात. सूर्योदयापूर्वीची ताजी नीरा गोड असते, पण मधुमेहींनी तिच्यापासून आणि घोलवडच्या सुप्रसिद्ध चिकूपासूनही हात आखडता घ्यावा. पाड्यातून जाताना सायकलीवरून उतरावे, राम राम करावा. वाट पुष्कळदा कोणाच्या अंगणाला घासून जाते. कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंतीवर लग्नाचा चौक रेखलेला दिसला तर पाहावा, पण विचारल्यावाचून छायाचित्र काढू नये. वारली चित्रे आता जगभर गेली. त्यांच्या घरांना प्रदर्शन समजण्याचा अधिकार त्याने आपल्याला मिळत नाही.

याच तालुक्यातील झरी येथे २३ मे १९४५ रोजी हजारो वारली एकत्र जमले आणि जमीनदाराची वेठ यापुढे करणार नाही, असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकरांनी त्या काळात हा मुलूख पाड्यापाड्याने पायी पालथा घातला होता. तेव्हा हा सारा भाग ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. १९६० साली राज्ये वेगळी झाली आणि तालुका दुभंगला. काही गावे गुजरातेत गेली, वेवजीसारखी महाराष्ट्रात राहिली. सायकलवर मात्र ही सीमा आपल्याला जाणवत नाही. एखाद्या वळणानंतर दुकानाची पाटी गुजरातीत दिसते, तेव्हा कळते. आपल्या पिढीला उंबरगाव वेगळ्याच कारणाने आठवेल. १९८७ साली रविवारी सकाळी सारे रस्ते ओस पाडणारी रामानंद सागरांची 'रामायण' मालिका तेथेच चित्रित झाली होती. यजमान त्या दिशेला तोंड करून गमतीने हात जोडतात. पश्चिमेला समुद्राकाठी झाई आहे. ओहोटीच्या वेळी तेथील ओली वाळू सायकलीला घट्ट असते, पण परतल्यावर चेन गोड्या पाण्याने धुऊन तेल घालावे, नाहीतर खारे पाणी ती खाऊन टाकते.

सीमेमुळे एक खबरदारी घ्यावी लागते. मोबाइल कधी या राज्याचा टॉवर धरतो, कधी त्या राज्याचा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवण्याची वेळ आलीच, तर प्रथम गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगावे, मग काय झाले ते. आजाराचे नाव, औषधांच्या वेळा आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद दोघांच्याही खिशात असावा. दोघांच्याही, कारण पडणारा रुग्णच असेल असे नाही. काळजी घेणारी बाईही पासष्टीची असते, हे आपल्याकडे सगळेच विसरतात, तीसुद्धा.

दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने सर्वांत चांगले. होळीपासून ऊन तापते आणि किनाऱ्याची दमट हवा थकवते. पावसाळ्यात मुरमाखालची माती निसरडी होते, तेव्हा जाऊच नये. आम्ही तीन हिवाळे जात आहोत. या वर्षी शेवटच्या सकाळी उतरताना यजमानांचा पाय बांधावर टेकण्याऐवजी दोनदा हवेतच राहिला. दोन्ही वेळा त्यांनी ब्रेक धरून सायकल उभी ठेवली आणि मी पोहोचेपर्यंत वाट पाहिली. डॉक्टरांना हे सांगितले आहे. त्यांच्या मते पुढच्या हिवाळ्यात दोन चाकी सायकल बहुधा जमणार नाही, म्हणून आम्ही तीनचाकी पाहून आलो. ती पडत नाही, पण वेवजीची वाट दोन चाकोऱ्यांची आहे आणि मध्ये गवताचा उंचवटा आहे, त्यामुळे तिचे एक चाक सतत गवतावर राहील. दुसरा पर्याय जोडसायकलचा. तीत दोघांना एका लयीत पाय फिरवावे लागतात आणि पुढच्याला सुकाणू सांभाळावे लागते, म्हणजे पुढे मी बसणार. यजमानांचे म्हणणे, मग मला तुझी पाठच पाहावी लागेल. दुकानदाराने पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. अजून ठरलेले नाही.