पनवेलचा नवा मुक्काम

पनवेल हे पूर्वापार मुक्कामाचे गाव. मुंबईहून खाडीमार्गे बोटीने येथे उतरायचे, जनावरांना आणि स्वतःला विसावा द्यायचा आणि मग बोरघाटाची वाट धरायची, असा पुण्याच्या प्रवासाचा एके काळी क्रम होता. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला आणि येथील बाजारपेठेला बरकत आली. १८५२ मध्ये तर गावात नगरपालिकाही स्थापन झाली. पुढे १८६३ पासून आगगाडी बोरघाट चढू लागली. मात्र ती कल्याण-कर्जतच्या बाजूने गेली आणि पनवेल आडवाटेला पडले. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तो कळंबोलीपासूनच सुरू होत असल्याने गाव पुन्हा हमरस्त्यावर आले. वाहने बदलली, पण थांबण्याची गरज संपली नाही. बैलाला वैरण लागे, विजेच्या मोटारीला चार्जर लागतो, इतकाच फरक.

वडाळे तलावापासून जवळच असलेल्या आमच्या सोसायटीत अशा सात मोटारी आहेत आणि सामाईक चार्जर एकच. तो ७.२ किलोवॅटचा आहे. तीस युनिट क्षमतेची रिकामी बॅटरी त्यावर पूर्ण भरण्यास साडेचार-पाच तास लागतात. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर तेच काम नऊ-दहा तासांचे. म्हणजे एका रात्रीत फार तर दोन गाड्या. त्यामुळे ज्याला संधी मिळेल तो आपली गाडी काठोकाठ भरून घेई. त्यात मीही होतो.

गेल्या पर्युषणात आम्ही उभयतांनी पौषध घेतला. पहाटे उपाश्रयाकडे निघालो. गाडी आदल्या रात्रीपासून चार्जरला जोडलेली होती आणि किल्ली कपाटात होती. या गाड्यांची केबल कुलूप उघडल्याशिवाय निघत नाही. बॅटरी केव्हाच भरली होती. तरी दिवसभर आणि पुढची रात्रभर माझी गाडी जागा अडवून उभी राहिली. शेजारचे किराणा व्यापारी आमचे बंद दार वाजवून थकले. दुसऱ्या पहाटे त्यांना वृद्ध आईला उपचारासाठी पुण्याला न्यायचे होते. अखेर त्यांनी मिळेल त्या भावाने भाड्याची गाडी केली. पौषधात विजेचा स्पर्शही वर्ज्य मानणारा मी, शेजाऱ्याच्या वाटची वीज मात्र अडवून बसलो होतो!

आईंना सुदैवाने बरे वाटले, पण दोन घरांमधले बोलणे थांबले. संवत्सरीच्या दिवशी मी त्यांच्या दारी जाऊन हात जोडले, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणालो. त्यांनीही हात जोडले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘काका, क्षमा आहेच. पण पुढच्या वर्षी पुन्हा हीच क्षमा मागावी लागू नये, एवढे पाहा.’’

आयुष्य बँकेत गेलेले असल्यामुळे मी वही उघडली. प्रत्येकाची रोजची धाव लिहिली. बहुतेकांची ती चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर निघाली. एका युनिटवर गाडी साधारण सहा-सात किलोमीटर धावते. म्हणजे रोजची गरज सहा-सात युनिटांची, चार्जरवर जेमतेम तासाभराची. सातही गाड्यांचे काम सात तासांत भागावे. टंचाई विजेची नव्हतीच. उद्यापुरते न घेता टाकी भरून ठेवण्याची आमची हाव होती. अपरिग्रहाचे व्रत आपण तिजोरीला लावून पाहतो, पार्किंगला लावून पाहत नाही.

आता नियम ठरले आहेत. उद्याला लागेल तेवढेच घ्यावे. लांबचा प्रवास असेल त्याने आदल्या दिवशी सांगावे. आजारपणाला पहिला मान. बाहेरगावी किंवा पौषधाला जाणाऱ्याने गाडी जोडून ठेवू नये. चार्जरला स्वतंत्र मीटर आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वहीत लिहून युनिटप्रमाणे पैसे भरावेत. चार्जिंग ही सेवा असून तिला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे सदस्यांकडून आकार घेण्यात अडचण नाही. मात्र मंजूर वीजभार आणि अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे. लांब वायर ओढून जुगाड करू नये.

तरीही मध्यरात्री उठून केबल कोणी बदलायची, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळाले. माझ्या भाच्याची तेथे वखार आहे. गाड्या दिवसभर नुसत्या उभ्या असतात, हे पाहून त्याने वखारीत दोन जागी चार्जिंगची सोय केली. मालकाच्या मोटारीआधी कामगारांच्या स्कूटरचा क्रम लागतो, कारण त्यांच्या चाळीत प्लगही मिळत नाही. सोसायटीतले दोघे त्याच बाजारात पेढीवर बसतात; तेही आता तेथेच गाडी भरतात. रात्रीचा भार तेवढा हलका झाला.

आपल्या धर्मशाळांत एक यात्रेकरू उठला की खोली झाडून दुसऱ्यासाठी मोकळी करतो. जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावे, हा तत्त्वार्थसूत्रातला विचार याहून वेगळा तो काय? परवा सूर्यास्तापूर्वी चौविहार आटोपून तलावाकडे फिरायला निघालो, तेव्हा शेजारी चार्जरपाशी उभे होते. मला पाहून त्यांनी स्वतःची केबल काढली आणि म्हणाले, ‘‘काका, माझे उद्यापुरते झाले. लावा तुमची.’’