आगरच्या वाळूत रॉयल रंबल

दोस्तांनो, डहाणू म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? चिकू! बरोबर. घोलवडच्या चिकूला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. चर्चगेटपासून डहाणू रोड साधारण १२४ किलोमीटर. २०१३ पासून थेट लोकल जाते. स्टेशनावर उतरायचं आणि बोर्डीच्या रस्त्याला लागायचं. एका अंगाला चिकूच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला सुरूची झाडं आणि त्यामागे समुद्र. इथेच आगर हे गाव आहे. मिठागरालाही आगर म्हणतात आणि नारळी-पोफळीच्या बागेलाही. नाव छोटं, पण अर्थ दोन-दोन!

ओहोटीला इथला समुद्र लांब मागे जातो आणि ओल्या वाळूचं भलंमोठं मैदान मोकळं होतं. संध्याकाळी तिथे क्रिकेट तर असतंच. पण जरा थांबून पाहा. कुणीतरी पायाने वाळूत चौकोन आखतं, दोघं आत शिरतात, एक जण रेफ्री होतो आणि गुडघ्यावर बसून वाळूवर थापा मारतो, "वन... टू... थ्री!" झाली रेसलिंग सुरू.

मीही या खेळाचा जुना भक्त. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांच्या लहानपणी रेसलिंगचे पत्ते मिळायचे. उंची, वजन, छाती यांचे आकडे वाचून पत्ते जिंकायचे! तेव्हा नाव होतं 'डब्ल्यूडब्ल्यूएफ'. पण हीच अक्षरं वन्यजीव वाचवणाऱ्या, पांडाचं चित्र असलेल्या संस्थेचीही होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००२ मध्ये कुस्तीवाल्यांना 'एफ' सोडून 'ई' घ्यावा लागला. एवढे धिप्पाड गडी, पण पांडापुढे चीतपट!

आता माझी मतं सांगतो. पटली नाहीत तर खुशाल भांडा. रोमन रेन्सने २०२० ते २०२४ असा तब्बल १३१६ दिवस पट्टा सोडला नाही. दरारा मोठा, पण गडी लढतो कमी आणि माईकवर बोलतो जास्त. मला आवडतो गुंथर. ना रंगीबेरंगी कपडे, ना उड्या. छातीवर असा सणसणीत फटका देतो की टीव्हीसमोर आपणच छाती चोळतो. रे मिस्टेरिओ उंचीला जेमतेम साडेपाच फूट, पण आपल्या दुप्पट माणसाला भोवऱ्यासारखा फिरवतो. मुलींमध्ये रिया रिप्ली आणि इयो स्काय. यांची लढत असली की मी जेवणाचं ताट बाजूला ठेवतो. आणि जॉन सीना? २०२५ मध्ये तो काही महिने खलनायक झाला, ते मला मुळीच रुचलं नाही. त्याच वर्षी १३ डिसेंबरला गुंथरकडून हरून तो निवृत्त झाला. पण साडेसहाशेहून जास्त आजारी मुलांना भेटून त्याने त्यांची इच्छा पुरी केली आहे. तो पट्टा कोण हिसकावणार?

इथे घरातलं मोठं माणूस हमखास म्हणतं, "अरे, खोटं असतं ते सगळं!"

खरंच खोटं असतं का? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डहाणूहून डोंगराकडे, जव्हार-मोखाड्याच्या बाजूला गेलात की आदिवासी गावांत बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मोठमोठे रंगीत मुखवटे घालून, वाद्यांच्या तालावर रात्री सोंगं नाचतात. कुठलं सोंग कुणी घ्यायचं हे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. राम-रावणाच्या लढाईत कोण जिंकणार, हे मांडीवरच्या पोरालाही ठाऊक असतं. तरी सगळं गाव जागतं! "खोटं आहे" म्हणून कुणी उठून जात नाही.

रेसलिंगही तसंच आहे. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. मजा असते ती कशी जिंकतो यात. मुखवटाही दोन्हीकडे आहे, बरं का! मेक्सिकोत 'एल सान्तो' नावाचा मुखवट्यातला पहिलवान होता. १९८४ मध्ये तो वारला तेव्हा त्याला मुखवट्यासकटच पुरलं.

आपल्या मुंबईतही ही फ्रीस्टाईल खूप गाजली. 'रामायण' मालिकेतला हनुमान आजी-आजोबांना विचारा. तेच दारासिंग. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये त्यांना बघायला गर्दी लोटायची. १९६८ साली मुंबईतच त्यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवून जगज्जेतेपद मिळवलं.

म्हणजे निकाल ठरलेला, हे खरं. पण पडणं? ते मात्र अगदी खरं असतं. रिंगणाखाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि कापड. गादी नव्हे! पडताना हनुवटी छातीला लावायची, पाठ सपाट टेकवायची, हात बाजूला आपटायचे, हे शिकायला वर्षं जातात. आणि उचलणाऱ्याचं खरं काम असतं समोरच्याला सांभाळून खाली आणणं. दोघं शत्रू दिसतात, पण एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात असतो.

एवढं शिकूनही चूक होते. मार्च २०२२ मध्ये बिग ई नावाचा ताकदवान गडी डोक्यावर पडला आणि त्याची मान मोडली. त्यानंतर तो रिंगणात लढू शकला नाही. मे १९९९ मध्ये ओवेन हार्टला छतावरून दोरीने खाली सोडत होते. अडकवणी मध्येच सुटली. तो गेला. हा मार कुणी लिहून ठेवलेला नव्हता.

म्हणून आगरच्या, आणि सगळीकडच्याच, पोरांना माझं एक सांगणं. पट्ट्यासाठी पुठ्ठा कापा, एंट्रीला गाणं म्हणा, माईक म्हणून चिकूची फांदी धरा, मनसोक्त डायलॉग मारा. वन-टू-थ्रीसुद्धा म्हणा. पण मित्राला डोक्यावर उचलून आपटू नका. गळ्याला हात नको, उंचावरून उडी नको. ओहोटीची ओली वाळू दिसते मऊ, असते फरशीसारखी घट्ट. आणि खरीखुरी कुस्ती खेळायची हौस असेल तर तालमीत जा. तिथे वस्ताद पहिल्या दिवसापासून नीट शिकवतील.

आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. "खोटं आहे" म्हणून टीव्ही बंद करू नका. शेजारी बसा, एखादी लढत पाहा आणि पोरांना विचारा, "आत्ता त्याने त्याला कसं सांभाळलं, दिसलं का?" त्या प्रश्नाने पोरं लढतीकडे वेगळ्या नजरेने बघतील. आणि न जाणो, रोमन रेन्सची बाजू घेऊन तुम्हीच त्यांच्याशी भांडायला लागाल!