नावाचा रकाना जागेवर हवा



आज विषय स्वयंपाकघरातला नाही आणि पर्वाचाही नाही. संगणकाच्या पडद्यावर हिशेबाचा मोठा तक्ता कसा मांडावा, हा आहे. "हे मुलांचं काम, आपल्याला काय करायचंय?" असं म्हणून सोडून देऊ नका. आपल्यातल्या कितीतरी जणी महिला मंडळाचा, भिशीचा, बचत गटाचा हिशेब बघतात. वह्या जाऊन पडदे आले. पडद्यावरचा तक्ता नीट मांडलेला नसेल, तर एकूण बेरीज जुळूनसुद्धा एखादीवर अन्याय होतो. तो कसा होतो आणि टाळायला काय करावं लागतं, हे माझ्या सुनेने मला शेजारी बसवून दाखवलं. जसं समजलं तसं सांगते.

आधी आपल्या ओळखीचा तक्ता घेऊ. कर्जत-खोपोली लोकलचं वेळापत्रक. डावीकडे खालोखाल स्टेशनं: कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. उजवीकडे एकेका गाडीचा एकेक रकाना. कोणतीही गाडी बघा, बोट सरळ डावीकडे नेलं की स्टेशन सापडतं. आता समजा, तो कागद इतका रुंद झाला की संध्याकाळच्या गाड्या बघायला तो सरकवावा लागला आणि स्टेशनांची नावं बाजूला गेली. वेळ दिसते, पण ती केळवलीची की डोलवलीची? एक ओळ इकडची तिकडे झाली की गाडी गेली.

कागदावर काम करणाऱ्यांनी यावर उपाय शोधला होता. शाळेत आमच्या बाई हजेरीच्या कॅटलॉगची मधली पानं डाव्या बाजूने बोटभर कापून घ्यायच्या. नावं पहिल्याच पानावर एकदा लिहायची. पुढचा महिना उघडला तरी कापलेल्या जागेतून तीच नावं दिसत राहायची. पुढे मी बी.कॉम. केलं, लग्न होऊन कर्जतला आले, सासऱ्यांच्या किराणा दुकानाचा रोजमेळ आणि खतावणी बघितली. तिथेही तेच. आकडा कुणाच्या नावे आहे, हे आधी. आकडा किती, हे मग.

आमच्या इथे नऊ बचत गट एकत्र हिशेब ठेवतात. सगळ्या मिळून ११८ बायका. कर्जत तालुक्यातल्या कडाव, कशेळे भागातल्या आणि खालापूर तालुक्यातल्या चौक, वावोशीकडच्या. दरमहा प्रत्येकीचे शंभर रुपये. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून गटाच्या वहीला बँकेतही किंमत आली. वही चोख असेल तर कर्ज मिळतं. म्हणून तर हिशेब संगणकावर घ्यायचं ठरलं. एका ओळखीतल्या मुलाने प्रोग्रॅम करून दिला. दिसायला छान, रंगीत. पण महिने वाढत गेले तसा तक्ता उजवीकडे लांबला, आणि पुढचे महिने बघायला सरकवलं की नावं पडद्याबाहेर.

एका श्रावणात चौकजवळच्या पाड्यावरची एक बाई कर्ज मागायला आली. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं, आठ हजार हवे होते. पडद्यावर तिचा आषाढाचा हप्ता रिकामा. "हप्ता थकला असेल तर कर्ज नाही" हा गटाचा नियम. ती म्हणाली, "मी दिलेत ताई. पाऊस होता, चालत आले होते." चार बायका बसलेल्या, कुणी काही बोलेना. तिला अक्षरओळख नाही, त्यामुळे पडद्याशी भांडणार तरी कशी? मी घरून माझी जुन्या सवयीची कच्ची वही मागवली. त्यात तिचे शंभर होते. पडद्यावर ते तिच्या खालच्या ओळीतल्या बाईच्या नावे गेले होते; तिथे आषाढात दोनशे दिसत होते. महिन्याची बेरीज अगदी बरोबर. म्हणून कुणाला शंकासुद्धा आली नव्हती.

तिला कर्ज मिळालं. पण जाताना तिने जे विचारलं ते माझ्या मनातून जाईना. "वही नसती तर?"

मैत्रिणींनो, तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत एक आहे न्यासापहार. ठेव ठेवणारा आपला आकडा विसरला आणि कमी मागू लागला, तर "हो, तेवढीच होती" म्हणून घेणं, हा तो दोष. इथे कुणाच्या मनात खोट नव्हती. पण जिला वाचता येत नाही तिची ठेव आपण सांभाळतो, तेव्हा तिचा आकडा तिच्यापेक्षा आपण जास्त जपायला नको का? हे मी घरी जेवताना बोलले. सून म्हणाली, "आई, हे काम माझ्याकडे द्या. मला दोन रविवार लागतील." प्रत्यक्षात पाच लागले.

तिने प्रोग्रॅम जावा भाषेत केला. ही भाषा १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आणली, आणि खिडक्या, बटणं, तक्ते बनवायचा तिचा 'स्विंग' नावाचा संच १९९८ अखेरच्या आवृत्तीपासून भाषेसोबतच येऊ लागला. जुनं तंत्र आहे, पण गटाचा संगणकही जुनाच, आणि पावसात इंटरनेटचा भरवसा नाही. स्विंगचा प्रोग्रॅम त्याच मशीनवर चालतो, नेट लागत नाही. "एक्सेलमध्येही रकाना गोठवता येतो ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "येतो. पण तिथल्या साध्या तक्त्यात कुणीही कुठलाही आकडा पुसू शकतं. आपल्याला पहारा हवा आहे."

पहिली गोष्ट तिने सांगितली, ती मला फार आवडली. स्विंगमधल्या तक्त्याला 'जेटेबल' म्हणतात, आणि जेटेबल स्वतःकडे माहिती ठेवत नाही. माहिती वेगळ्या जागी असते, तिला 'मॉडेल' म्हणतात. तक्ता ही नुसती खिडकी. खतावणी कपाटात एकच. तिच्याकडे बघायला खिडक्या दोन केल्या तरी चालतात. तिने तेच केलं. एकाच मॉडेलवर दोन जेटेबल. डावीकडच्यात क्रमांक, नाव, गाव. उजवीकडच्यात छत्तीस महिने. डावीकडून महिने काढून टाकले, उजवीकडून नावं. काढली ती फक्त दिसण्यातून, मूळ खात्यात सगळं तसंच.

मग प्रत्येक तक्ता 'जेस्क्रोलपेन'मध्ये ठेवला. ही सरकणारी चौकट. तक्ता हिच्यात न ठेवता नुसताच खिडकीत टाकला, तर रकान्यांचे मथळेसुद्धा आपोआप दिसत नाहीत. चौकटीत ठेवला की मथळे वर थांबतात आणि खालच्या ओळी सरकतात. तरी एक अडचण होती. जेटेबलची मूळ सवय अशी की असतील तेवढे सगळे रकाने मिळालेल्या जागेत कोंबायचे. छत्तीस महिन्यांच्या शेवया झाल्या, एकही आकडा वाचता येईना. ती आपोआप मावून घेण्याची सवय बंद केल्यावर रकाने नीट रुंद झाले आणि खाली आडवी पट्टी आली.

या दोन चौकटी 'जेस्प्लिटपेन'मध्ये शेजारी शेजारी बसवल्या. मधला दांडा माउसने सरकवता येतो. लांब नाव वाचायचं असेल तर डावी बाजू रुंद करा, जास्त महिने हवे असतील तर उजवी. पण डाव्या बाजूला तिने कमीत कमी रुंदी ठरवून दिली. दांडा त्याच्यापुढे जातच नाही, म्हणजे नाव झाकायचं म्हटलं तरी झाकता येत नाही. एका टिचकीत बाजू मिटवणारे छोटे बाणही दांड्यावर लावता येतात. ते तिने मुद्दाम लावले नाहीत.

आता खरी मेख. उजवा तक्ता खाली सरकवला तर डावा जागेवरच! तो जुन्या दोषापेक्षा वाईट, कारण नाव दिसतंय पण चुकीचं. तिने दोन्ही चौकटींच्या उभ्या पट्ट्यांना एकच मोजमाप दिलं, म्हणजे एक हलली की दुसरी तेवढीच हलणार. आपण कर्जतकर हे रोज बघतो. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. तो चढ इतका कडक आहे की घाट चढणाऱ्या गाडीला इथे मागून बँकर इंजिनं जोडतात. पुढचं ओढतं, मागची रेटतात, पण सगळ्यांची चाल एकच असावी लागते. मी हे म्हटल्यावर सून हसली आणि प्रोग्रॅमच्या त्या भागाला तिने 'बँकर' असंच नाव दिलं.

तरी अगदी तळाशी गेल्यावर शेवटच्या ओळी किंचित खालीवर दिसायच्या. कारण सापडलं: आडवी पट्टी फक्त उजवीकडे होती, त्यामुळे उजव्या चौकटीची उंची पट्टीएवढी कमी. डावीकडेही आडवी पट्टी कायम ठेवल्यावर ओळी जुळल्या. ओळीची उंचीही दोन्हीकडे सारखी आणि मूळ मापापेक्षा मोठी ठेवावी लागली. मुळात ती १६ ठिपके असते. त्यात आपल्या अक्षरांच्या वेलांट्या आणि उकार कापले जातात. आणि ओळ निवडण्याची सोयही दोन्ही तक्त्यांना एकच दिली. उजवीकडे महिन्यावर टिचकी मारली की डावीकडे त्या बाईचं नाव त्याच रंगाने उजळतं.

मी मात्र एक हट्ट धरला होता: नावं बाराखडीप्रमाणे लावता यावीत. जावाच्या सहाव्या आवृत्तीपासून मथळ्यावर टिचकी मारून क्रम लावायची तयार सोय आहे. पण ती एकेका तक्त्यापुरती. नावं बाराखडीने लागतील आणि पैसे जुन्याच क्रमाने राहतील, म्हणजे ११८ जणींचे हिशेब एका टिचकीत अदलाबदल! म्हणून तिने ती सोय सुरूच केली नाही. एक वेगळं बटण ठेवलं, जे मूळ मॉडेलमध्येच क्रम लावतं. मग दोन्ही खिडक्यांत तोच क्रम दिसतो. मथळा ओढून रकान्यांची जागा बदलता येते, तेही बंद केलं. नाहीतर श्रावण आषाढाच्या आधी.

पैसे तिने पूर्ण पैशांत साठवले, रुपयांच्या दशांशात नाही. का, ते दाखवलं. जावामध्ये साध्या दशांश पद्धतीने ०.१ आणि ०.२ मिळवले तर ०.३०००००००००००००००४ येतं. कॉमर्सवालीला हे बघून झोप कशी यावी! पूर्णांकात ही भानगड नाही.

शेवटचा पहारा माझ्या सांगण्यावरून: मागच्या महिन्यांच्या घरात काही लिहिताच येत नाही. दुरुस्ती करायची तर उलट नोंद करायची, तारीख आणि कारण देऊन. खाडाखोड केलेली वही आमच्या सासऱ्यांनी कधी चालवून घेतली नाही, मग संगणकाला वेगळा न्याय कशाला?

तुमच्याकडे कुणी हिशेबाचा प्रोग्रॅम करून देत असेल, तर पैसे देण्याआधी त्याच्यासमोर बसून एवढं करून बघा. अगदी उजवीकडच्या महिन्यावर जा, नाव दिसतंय का बघा. अगदी खालच्या ओळीवर जा, नाव आणि आकडा एका रेषेत आहेत का बघा. नावांचा क्रम बदला, आणि तीन ओळखीच्या बायकांचे हप्ते वहीशी ताडून बघा. मागचा आकडा पुसायचा प्रयत्न करा. पुसला गेला तर प्रोग्रॅम परत करा. या चार गोष्टींना संगणक शिकलेलं असावं लागत नाही.

आणि वही टाकून देऊ नका. आम्ही दर महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीचं नाव आणि तिचा आकडा मोठ्याने वाचतो. ती "बरोबर" म्हणाली की मगच पुढचं नाव. ११८ नावांना पाऊण तास लागतो. चौकची ती बाई आता आषाढाचा महिनासुद्धा वाचायला लावते, आणि आम्ही वाचतो.